नोबेलचा फोन: पाचेक मिनिटांच्या गप्पा, नक्की ऐका

नोबेल प्राइझच्या ऑफिशियल साइटवर एक खजिना पडून आहे आणि बऱ्याच जणांना तो माहीतच नसतो, म्हणून मुद्दाम लिहितेय. ऑक्टोबरमध्ये नावं जाहीर झाली की त्याच दिवशी अ‍ॅडम स्मिथ नावाचे गृहस्थ (अर्थशास्त्रातले ते नव्हेत, हे आत्ताचे) त्या शास्त्रज्ञाला फोन लावतात आणि ते बोलणं रेकॉर्ड करून साइटवर टाकतात. फुकट आहे, खाली अख्खं ट्रान्सक्रिप्ट पण असतं, त्यामुळे उच्चार कळले नाहीत तरी अडत नाही.

मला हे इतकं का आवडतं सांगते. मोठ्या मुलाखतीत माणूस तयारी करून येतो, तीच तीच उत्तरं घासून गुळगुळीत झालेली असतात, इथे तसं काहीच नाही कारण समोरच्याला नुकतंच कळलेलं असतं, कोणी झोपेतून उठलेलं, कोणाच्या मागे घरातल्यांची धावपळ, आणि अशा वेळी माणूस जे बोलतो ते अगदी आतलं असतं.

२०२३ चा अ‍ॅन लुइलिए यांचा फोन ऐका. बाई चक्क वर्गात शिकवत होत्या! फोन सायलेंटवर, ब्रेकमध्ये बघितला तेव्हा कळलं, आणि तरी परत जाऊन लेक्चर पूर्ण केलं, उरलेला अर्धा तास शिकवणं जड गेलं असं नंतर त्यांनीच सांगितलं. फिजिक्सचं नोबेल मिळालंय आणि डोक्यात काय, तर मुलं वर्गात बसलीयेत. मी हा फोन तीनदा ऐकला. त्यांचं काम आहे अ‍ॅटोसेकंदाचं, म्हणजे एका सेकंदाचा अब्जावा भाग घ्या आणि त्या भागाचा परत अब्जावा भाग करा, तेवढ्या वेळात अणूतले इलेक्ट्रॉन हलतात, ते टिपायचे तर प्रकाशाचा झोतही तेवढाच छोटा हवा. १९८७ मध्ये त्यांना दिसलं की इन्फ्रारेड लेसर विशिष्ट वायूतून सोडला की मूळ प्रकाशाच्या कितीतरी पट वेगाने कंप पावणाऱ्या लहरी पण बाहेर पडतात, तंबोऱ्याची तार छेडल्यावर मूळ स्वरासोबत वरचे स्वर कानावर येतात ना, तसंच काहीसं. पुढे या लहरी एकत्र जुळवूनच अ‍ॅटोसेकंदाचे झोत करता आले.

आता तक्रार. हे सगळं त्या फोनमध्ये कळत नाही. वेळच इतका थोडा असतो की शोध समजावून सांगायला जागा राहत नाही, नवीन माणसाने थेट फोन ऐकला तर "बरं, पण केलं काय यांनी?" असं होणारच. म्हणून माझी पद्धत अशी की आधी त्याच साइटवरचं सोप्या भाषेतलं माहितीपत्रक वाचायचं, चित्रं छान असतात, मग फोन. २०२५ च्या मेडिसिनच्या वेळी याचा फार उपयोग झाला. मेरी ब्रंको यांनी स्वीडनचा नंबर बघून स्पॅम समजून फोन घेतलाच नाही, हा किस्सा गाजला, पण माहितीपत्रक वाचलं तेव्हा खरी मजा कळली. आजारी उंदरांच्या एक्स गुणसूत्रावर डीएनएची साधारण १७ कोटी अक्षरं, त्यात बिघाड कुठे ते शोधायचं, ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी ती जागा पाच लाखांवर आणली, तिथे २० जनुकं निघाली, एकेक तपासत गेले आणि बिघाड सापडला तो शेवटच्या, विसाव्या जनुकात! शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच का उलटते याचा धागा तिथे होता. एवढं माहीत असलं की त्यांचा शांत आवाज वेगळाच ऐकू येतो.

ज्यांना जास्त वेळ आहे त्यांच्यासाठी 'नोबेल प्राइझ कन्व्हर्सेशन्स' नावाचा पॉडकास्ट पण आहे, स्मिथच घेतात, निवांत गप्पा असतात, चांगला आहे पण मला फोनच जवळचे वाटतात.

सगळ्यात जवळचा २०२३ च्या मेडिसिनच्या कातालिन कारिको यांचा. यांनी आणि ड्र्यू वाइसमन यांनी आरएनए, म्हणजे पेशीला प्रथिनं बनवायचा निरोप देणारा रेणू, त्यातलं एक अक्षर किंचित बदललं की शरीर त्याला शत्रू समजत नाही हे २००५ मध्ये दाखवलं, आणि कोविडच्या एमआरएनए लसी त्यावरच उभ्या राहिल्या. रात्री फोन आला तेव्हा त्यांना वाटलं कोणीतरी चेष्टा करतंय. वाइसमन यांना तर कमिटीचा फोन लागलाच नव्हता, त्यांना बातमी कारिकोंच्या मेसेजमधून कळली आणि दोघांनाही खरं वाटेना. पण मी थांबले ती आईच्या गोष्टीवर. त्यांची आई दरवर्षी नोबेलची घोषणा ऐकायची, म्हणायची तुझं नाव येईल बघ, तेव्हा लेक साधी प्रोफेसरही नव्हती, पदावरून खाली आणलेली. आई २०१८ मध्ये गेली. हे सांगताना कारिको रडगाणं लावत नाहीत, हसत हसत पुढे जातात, आणि मी मात्र तिथे पॉज करून बसले होते बराच वेळ.

सुरुवात करायची असेल तर यांच्यापासूनच करा, इयरफोन लावून.