शाओशिंगची कालव्याकाठची खानावळ: जा, पण तिथलं कुणी सोबत असेल तरच

तीन दिवसांत मी चीनमध्ये काय पाहिलं, तर हँगर, म्हणजे टांगून ठेवलेले कापडाचे नमुने. केछ्याओच्या कापड बाजारात सकाळी शिरायचं आणि गाळ्यांची शटरं पडेपर्यंत सॅम्पलं चाचपत फिरायचं. जीएसएम (चौरस मीटरला वजन) किती, पन्हा किती, कमीत कमी किती मीटर उचलावे लागतील, लॅब डिप (रंगवून दाखवलेला छोटा नमुना) कधी देणार. मी इचलकरंजीची, मागांच्या खडखडाटात वाढलेली, पण एवढं कापड एका जागी जन्मात पाहिलं नव्हतं. दुपारचं जेवण म्हणजे एखाद्या गाळेवाल्याने पुढे केलेली बिस्किटं आणि गरम पाणी. चहा नव्हे, नुसतं गरम पाणी.

सोबत आमच्या खरेदी विभागातली चिनी सहकारी. केछ्याओ हा शाओशिंगचाच भाग आणि ती पक्की शाओशिंगची. म्हणजे बाई स्वतःच्या गावात येऊन तीन रात्री माझ्याबरोबर हॉटेलात राहिली. घरी जायला वेळ होता कुणाला? शेवटच्या संध्याकाळी एक मीटिंग रद्द झाली, तशी तिने माझी बॅग उचलली आणि मेट्रोकडे निघाली.

शाओशिंगला येणारे बहुतेक जण लेखक लू शून यांचं घर बघतात आणि जवळच्याच शियानहंगमध्ये बसतात. ती दारूची खानावळ मूळची 1894 सालची, नंतर बंद पडलेली आणि 1981मध्ये पुन्हा उघडलेली. आमच्याकडे रांगेत उभं राहण्याइतका वेळ नव्हता. सहकारीने मला त्सांगछ्याओच्या जुन्या गल्लीत नेलं. पांढऱ्या भिंती, काळी कौलं, मागच्या बाजूला कालवा. खानावळीची पाटी चिनीत, त्यामुळे नाव मला विचारू नका. चार टेबलं, बिनपाठीची बाकं.

आधी तक्रार. मेनू नाहीच. टेबलावर क्यूआर कोड चिकटवलेला, तो स्कॅन केला की सगळं चिनीत, फोटो निम्म्याच पदार्थांचे. मालकीणबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढचा सगळा वेळ सहकारीशीच बोलल्या. डुक्कर नको म्हणून दोनदा सांगितलं, तरी पहिली वाटी आली ती सुक्या भाजीत शिजवलेल्या डुकराच्या मांसाचीच. परत पाठवली तर बाईंचा चेहरा असा झाला, जणू मी लग्नात पुरणपोळी नाकारली. एकटी गेले असते तर उपाशी उठले असते.

पण त्यानंतर जे आलं, त्याला तोड नाही.

बडीशेपेत शिजवलेले सालासकट जाड दाणे, आपल्या वालाचे थोरले भाऊ. दाताखाली किंचित चिवट, मग आत पिठूळ. तळलेला टोफू आला तेव्हा मात्र नाक आधी घाबरलं. तो 'नासका' टोफू म्हणून प्रसिद्ध आहे आणि वास खरोखरच गटारासारखा येतो. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, वरून तिखट चटणी. तिसऱ्या तुकड्याला वास विसरायला होतो. हा वास येतो कुठून, तर माठाच्या देठांच्या खाऱ्या पाण्यातून. हो, आपला माठ! इथे तो जाड, उंच वाढू देतात, देठांचे बोटभर तुकडे करून मिठाच्या पाण्यात आंबवतात, आणि त्याच पाण्यात टोफू मुरवतात. ते आंबवलेले देठही वाफवून मिळतात. साल टणक, आतला गर चोखून खायचा. मी न सांगता चोखायला लागले, आणि मालकीणबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. देठी माठ खात वाढलेल्या माणसाला काय शिकवायचं?

डुकराच्या वाटीच्या बदल्यात त्यांनी त्याच सुक्या भाजीचं कोळंबी घातलेलं पातळ कालवण दिलं. मोहरीवर्गातली ही भाजी आंबवून, वाळवून काळपट झालेली असते. चव खारट-गोडसर. मला भात मागवावा लागला, दोनदा.

आणि दारू. मी एरवी घेत नाही, पण इथे न घेणं म्हणजे कोल्हापुरात जाऊन रस्सा न चाखणं. चिकट तांदळाची, मधाच्या रंगाची 'हुआद्याव', गरम पाण्यात भांडं ठेवून कोमट केलेली, वाडग्यातून प्यायची. पहिला घोट सोया सॉससारखा वाटतो, दुसरा मनुकांसारखा. गोड लागते म्हणून फसू नका. साधारण पंधरा टक्के अल्कोहोल असतं. माझे कान दुसऱ्या वाडग्यालाच गरम झाले.

एवढ्यात सहकारीची आई आली. घर दहा मिनिटांवर, लेकीने फोन केला होता. काकूंना इंग्रजी येत नाही, मला चिनी येत नाही. त्या बसल्या त्या थेट माझ्या कुर्त्याची बाही चिमटीत धरूनच. बोटांत चोळली, उलटी केली, आतली शिवण पाहिली आणि लेकीला काहीतरी म्हणाल्या. त्या आयुष्यभर डाईंगच्या कारखान्यात होत्या. लेकीने मला सांगितलं, "कापड चांगलं आहे, रंग दोन धुण्यांत जाईल म्हणते." कुर्ता आमच्याच गावचा, आणि रंग खरंच जातो.

दोघींचं बिल 126 युआन, म्हणजे साधारण दीड हजार रुपये. इतक्या खाण्यापिण्याला स्वस्तच. चाळीस मिनिटांत उठलो, कारण रात्री पुरवठादाराला भावाची मेल जायची होती. निघताना काकूंनी त्या सुक्या भाजीची पिशवी माझ्या बॅगेत कोंबली, हँगरांच्या मधोमध.

परवा इचलकरंजीत आमच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेसवाल्याने त्या हँगरांतलं एक रेयॉन उचललं, नाकाशी नेलं आणि विचारलं, "मॅडम, यावर फिनिश कसलं मारलंय हो?"