स्पीकर किट घेताय? आधी मॅग्नेटवरचं रबरी टोपण काढून बघा

किट म्हणजे स्पीकर घरी जोडायचे सुटे भाग. मी मागवलेल्या किटच्या जाहिरातीत साडेसहा इंची वूफर (खर्जाचा, जाड आवाज काढणारा मोठा स्पीकर) होता, वजन 2.1 किलो, ताकद 300 वॉट. काट्यावर भरला 940 ग्रॅम. मॅग्नेटवरचं काळं रबरी टोपण नखाने उचकटलं, तर आत एवढीशी चकती आणि जाडी दिसावी म्हणून भोवती चिकटवलेली प्लास्टिकची कडी. 25 मिलिमीटरच्या व्हॉइस कॉइलला (वूफरचा पडदा हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीला) सलग 300 वॉट द्या, जळून खाक होईल. वॉटचा आकडा बघून किट घेऊच नका.

क्रॉसओव्हर, म्हणजे जाड आवाज वूफरला आणि बारीक आवाज ट्वीटर या छोट्या स्पीकरला वाटून देणारं सर्किट, तर काळ्या राळेत बुडवलेला, वर चिठ्ठी: सील तोडल्यास परतावा नाही. किटसोबतच्या सर्किटच्या नकाशात दर स्पीकरला 4 मायक्रोफॅरडचे दोन फिल्म कपॅसिटर आणि 1 मिलिहेन्रीच्या दोन कॉइल. 8 ओमला 2500 हर्ट्झवर कट, म्हणजे त्याखालचं वूफरला, वरचं ट्वीटरला; हिशोब चोख. राळ खरवडल्यावर निघाला एकटा 2.2 मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक. कॉइल नाहीच! म्हणजे वूफर थेट अँप्लिफायरला आणि ट्वीटर सुरू होणार 9000 हर्ट्झच्या आसपास. मधला सगळा भार वूफरवर.

पोर्टचंही, म्हणजे खर्ज वाढवायला खोक्यात बसवायच्या नळीचंही, तेच. 12 लिटरच्या खोक्याला 5 सेंटीमीटर व्यासाची नळी 16 सेंटीमीटर लांब लागते, तेव्हा ट्यूनिंग, म्हणजे नळी ज्या सुराला घुमते तो सूर, 50 हर्ट्झला बसतं. पाठवली 8 सेंटीमीटर. ट्यूनिंग गेलं 65 वर.

खरी मेख वेगळीच होती. पैसे भरण्याआधी वूफरचे एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस, म्हणजे ज्यांवरून खोक्याचं माप ठरतं ते आकडे, विचारले होते. उत्तर आलं, "नवशिक्यांना ते लागत नाही." तिथेच व्यवहार मोडायला हवा होता! हे तीन आकडे नसतील तर खोकं 12 लिटरचं की 20 चं, हे ठरवलं कोणी? पण संशय तरी कशावरून यावा? खोक्याचं एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाची फळी) 18 मिलिमीटरचं, काटकोनात कापलेलं. मल्टिमीटरवर वूफर 5.8 ओम, 8 ओमच्या वूफरला साधारण तेवढंच येतं. रोधावरून मॅग्नेट कळत नाही, हे लक्षात ठेवा.

विकणारा म्हणतो, तक्रार मागे घ्या, 20 टक्के परत देतो. पेमेंट कंपनी म्हणते, पार्सल पोचलंय, प्रकरण बंद. तक्रार कक्षातल्या साहेबांचा एकच प्रश्न, "वाजतंय ना?" वाजतंय हो, पत्र्याचा डबाही वाजतो! नकाशा आणि उघडा क्रॉसओव्हर शेजारी ठेवून दाखवला, तरी प्रयोगशाळेचा दाखला आणा म्हणे. काट्याचा फोटो ग्राह्य नाही. वर शेरा मारला: ग्राहकाने वस्तूत फेरफार केला आहे. राळ न खरवडता आतलं कसं दाखवायचं, ते मात्र कोणी सांगेना.

राळेत बुडवलेला क्रॉसओव्हर घेऊच नका. सुटे भाग मागा. पार्सल फोडतानाच, एकही स्क्रू लावण्याआधी, वूफर काट्यावर ठेवून सलग व्हिडिओ काढा. क्रॉसओव्हरच्या कॉइलच्या तारेचं टोक चाकूने खरवडा, आत पांढरं दिसलं तर ते तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम. प्लस-मायनस तपासायला 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, पण फक्त वूफरला. ट्वीटरला नाही.