सुटी पेन्सिल की नवा संच?

पॉलिक्रोमोस या रंगीत पेन्सिलींच्या २४ च्या डब्यात सगळ्यात आधी संपते ती पांढरी. बाकीच्या जेमतेम झिजलेल्या असतात. अशा वेळी नवा २४ चा डबा घेतला तर २३ रंग दुबार होतात. त्यापेक्षा सुटी पेन्सिल बरी, पण ती मिळायला हवी! दुकानातल्या स्टँडवर नेमके खपणारे खण रिकामे असतात, आणि एकाच पेन्सिलीसाठी ऑनलाइन मागवावं तर कुरिअरचा खर्च पेन्सिलीच्या वर जातो. म्हणून बोटभर उरली की यादीत टाका आणि चार-पाच एकदम मागवा.

मागवताना नावावर जाऊ नका, नंबर सांगा: पांढरा १०१, काळा १९९. हा नंबर पेन्सिलीवरच छापलेला असतो. टोक त्याच्या उलट बाजूनेच काढा, नाहीतर तो तासला जाईल. सुट्या पेन्सिलीला डब्याचं संरक्षण नसतं. पडलेली असेल तर आतलं शिसं तुकडे झालेलं असतं आणि टोक काढताना सारखं गळतं.

डबा घ्यायचाच, तर ३६ वरून थेट १२० वर जाताना. तिथे बरेच रंग नवे मिळतात.