ई-क्लासवरचं आमचं फुटबॉल ग्राउंड: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वापरल्यावर

आधी निकाल सांगते, मग कारणं. आमच्या गावाच्या कडेला ई-क्लास जमिनीवर, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीवर, जे सार्वजनिक ग्राउंड झालं आणि त्याला लागून छोटी बाग झाली, तिथे पोरांना बिनधास्त खेळायला पाठवावं. आठ ते चौदा वयाच्या मुलामुलींसाठी तर आमच्या भागात एवढी चांगली दुसरी जागा नाही. पण ते जिथे कमी पडतं, तिथे कारण दरवेळी एकच निघतं: पैसा भिंतीवर, कमानीवर आणि व्यायामाच्या लोखंडी यंत्रांवर गेला, मातीवर गेला नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, माझी मुलगी इथे खेळते आणि संध्याकाळचा मुलींचा गट मी आणि आमचे क्रीडाशिक्षक सर मिळून सांभाळतो. मागचा पावसाळा, हिवाळा आणि आता हा मे महिना, सगळ्या ऋतूंत ग्राउंड वापरून झालं आहे. आजूबाजूच्या गावांत असं काम निघत असेल तर उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहिते.

आमचा यवतमाळ जिल्ह्यातला कापूस-तुरीचा पट्टा. नागपूर-कामठीकडे फुटबॉल जुना आहे. नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला, ते काम पुढे 'स्लम सॉकर' या नावाने खूप वाढलं. आमच्याकडे मात्र कबड्डी, खो-खो आणि टेनिस बॉलचं क्रिकेट. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा राज्यभर शाळांमध्ये फुटबॉल वाटले गेले. आमच्याकडे चेंडू आला, पण तो खेळवायला सपाट जागा नव्हती. ती आत्ता मिळाली, म्हणून या ग्राउंडचं मोल आम्हाला जास्त वाटतं.

ग्राउंड साधारण ९५ मीटर लांब आणि ६० मीटर रुंद. मोठ्यांच्या सामन्याला लांबी किमान ९० आणि रुंदी किमान ४५ मीटर लागते, म्हणजे नियमात बसतं. पण रोजच्या वापरात सगळ्यात कामी आली ती आमच्या क्रीडाशिक्षक सरांची युक्ती. ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या संस्थेत, शिकलेले आहेत. त्यांनी ग्राउंड आडवं वापरायला सुरुवात केली: दोन्ही अर्ध्यांत एकेक छोटं मैदान, सात-सात जणांचे संघ. एका वेळी अठ्ठावीस पोरं खेळतात आणि प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागतो. मोठा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. दहा वर्षांच्या गोलकीपरचा हात आडव्या दांड्याला पोहोचतच नाही, तो बिचारा उगाच हिरमुसतो. सरांनी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून लहान गोल करून घेतले. फक्त एक काळजी घ्याच. उचलून नेता येणारे गोल जमिनीत पक्के रोवलेले किंवा खुंट्यांनी बांधलेले असले पाहिजेत. पोरं दांड्याला लटकतात, गोल पुढे कलंडतो, आणि अशा अपघातांत जगभर मुलं दगावली आहेत. फुटबॉलच्या नियमांतही गोल पक्के बांधण्याची अट आहे. आमच्याकडे प्रत्येक गोलच्या मागच्या पाइपला लोखंडी खुंट्या ठोकतो आणि खेळ संपला की गोल भिंतीला साखळीने बांधून ठेवतो.

आता मातीकडे येते. कपाशीला जी काळी माती चांगली, तीच ग्राउंडला अवघड. पाणी प्यायली की फुगते, उन्हात आकसते. कडेच्या पट्ट्यात मुरूम पडला नाही, तिथे एप्रिलमध्ये पोराची टाच अडकेल एवढ्या भेगा पडतात. बाकी ग्राउंडवर मुरूम टाकून रोलर फिरवला, पण खालची काळी माती खरवडून काढली नाही. थेट तिच्यावरच थर दिला. जोराचे पाऊस झाले तशी खालची माती पायांच्या दाबाने मुरमातून वर यायला लागली. गोलसमोर सगळ्यात जास्त पाय पडतात, तिथे चिखल. इतर ठिकाणी बारीक मुरूम पाण्याबरोबर वाहून गेला आणि खडे उघडे पडले. पोरांचे गुडघे सोलतात ते त्या खड्यांनी.

त्यात नवी भिंत. पूर्वी या जागेवरचं पाणी उताराने नाल्याकडे निघून जायचं, भिंतीने ती वाटच बंद केली. जुलैत एका कोपऱ्यात चार-चार दिवस पाणी साचून राहायचं. शेवटी सरपंचताईंनी गवंडी बोलावून भिंतीच्या तळाशी भोकं पाडून घेतली, बाहेरून नाली काढली, आणि तेव्हापासून पाऊस उघडला की दुसऱ्या दिवशी खेळता येतं. खरं तर ग्राउंड मधोमध थोडं उंच आणि दोन्ही कडांना उतरतं असतं तर हे सगळं टळलं असतं. उतार शंभराला एक पुरतो. ६० मीटर रुंदीत मध्य कडेपेक्षा फक्त ३० सेंटिमीटर उंच लागतो, धावताना तो जाणवतही नाही. खेळाचं मैदान तयार करणं रोजगार हमीच्या कामांत बसतं, तेव्हा ज्यांचं काम अजून कागदावर आहे त्यांनी माती खरवडणं, उतार आणि नाली आधी लिहून घ्यावी. भिंत नंतरही बांधता येते.

आम्ही पावसाळ्यात एक साधा नियम लावला. सर ग्राउंडवर तीन-चार जागी टाच दाबून बघतात. टाच रुतून पाणी वर आलं की त्या दिवशी खेळ बंद. ओल्या ग्राउंडवर तासभर खेळलं तर पुढचे पंधरा दिवस खड्डे भोगावे लागतात. पोरं रुसतात, पण आता स्वतःच टाच दाबून बघायला लागली आहेत.

गवताचा अनुभव मात्र फार चांगला. शेतकरी जी हराळी जन्मभर उपटत आला, तीच उष्ण प्रदेशातल्या खेळाच्या मैदानांवर मुद्दाम लावतात. बर्म्युडा ग्रास म्हणतात ती हीच. नुसत्या मुरमात ती मूळ धरत नाही, म्हणून एका अर्ध्या भागात आम्ही लाल माती आणि कुजलेलं शेणखत पसरलं, आणि जुलैच्या झडीत हराळीच्या कांड्या वीत-वीत अंतरावर दाबल्या. कांड्या पोरांनीच धुऱ्यांवरून, म्हणजे शेताच्या बांधांवरून, आणल्या. शेजारचे काका काळजीत पडले, "मॅडम, हे हराळी माह्या वावरात नाही आली पायजे, एवढं पाहजा." त्यांचं बरोबर होतं, म्हणून त्यांच्या बाजूने हातभर खोल चर खणला. दिवाळीपर्यंत तो अर्धा भाग हिरवा झाला. त्या भागात पोरं बिनधास्त घसरून चेंडू काढतात, मुरमाच्या भागात काढत नाहीत. उन्हाळ्यात हराळी पिवळी पडली तरी मरत नाही, पावसात पुन्हा फुटते. मे महिन्यात प्यायच्या पाण्याची ओढ असते, तेव्हा तिला पाणी न देणंच योग्य, आणि आम्ही दिलं नाही.

चेंडूंबद्दल थोडक्यात. जालंधर-मेरठचे शिवलेले चेंडू हाताला छान लागतात, पण मुरमावर त्यांची कातडी लवकर सोलते. रोजच्या सरावाला साधा रबरी मोल्डेड चेंडू घ्या. बारा वर्षांपर्यंत चार नंबर, पुढे पाच. गोखरू आणि बाभळीचे काटे हे खरे शत्रू, ते महिन्यातून एकदा वेचावे लागतात. रेषा आखायला चुन्याची फक्की वापरत असाल तर ओल्या ग्राउंडवर नको. ती डोळ्यांना आणि सोललेल्या कातडीला झोंबते. आम्ही खडूची पूड वापरतो.

ग्राउंड एकट्या फुटबॉलचं नाही, आणि नसावंही. पहाटे पाचपासून पोलीस भरतीची पोरं-पोरी येतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, शिवाय गोळाफेक. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, तो गोलसमोर पडला की खड्डा. आता त्यांच्यासाठी एका कोपऱ्यात वाळू टाकून दिली आहे आणि तीच मुलं आम्हाला काटे वेचू लागतात. जानेवारीत क्रिकेटचे सामने होतात. त्यांची खेळपट्टी दोन आडव्या मैदानांच्या मधल्या पट्ट्यात आखली, त्यामुळे वाद मिटला. तान्हा पोळा इथेच भरतो, लहान लेकरं सजवलेले लाकडी बैल घेऊन येतात, आणि त्या संध्याकाळी आम्ही स्वतः गोल बाजूला सारून जागा करून देतो. त्रास लग्नांचा. मांडवासाठी सब्बलीने पाडलेले खड्डे तसेच राहतात, आणि धावणाऱ्या पोराचा पाय त्यात गेला तर घोटा गेलाच. आता अनामत रक्कम घेतात आणि खड्डे बुजवून दाखवल्यावरच ती परत करतात. हे सुरुवातीपासून हवं होतं.

मुलींचं सांगायला मला सगळ्यात जास्त आवडेल. सुरुवातीला मोजक्याच यायच्या, त्याही भाऊ सोबत असला तर. जर्सी वाटून फरक पडला नाही. फरक पडला तो दोन गोष्टींनी: साडेपाच ते सात ही वेळ मुलींची म्हणून ठरली, आणि स्वच्छतागृहाचं कुलूप उघडलं. इमारत बांधून तयार होती, पण किल्ली कुणाकडे असते तेच कळत नव्हतं. आता ती समोरच्या किराणा दुकानातल्या काकूंकडे असते आणि मुली हक्काने मागून नेतात. आई-बाप विचारतात ते दोनच प्रश्न, अंधारात कोण असतं आणि बाई माणूस असतं का. हायमास्ट दिवा लागतो आणि कुणीतरी बाई माणूस हजर असतं, एवढं सांगता आलं की घरून परवानगी मिळते.

दिवाळीनंतर मात्र गट रिकामा होतो. "ते वावरात गेली मॅडम, कापूस वेचाले," असं आईच सांगते, आणि त्या घराला मी काय म्हणणार? म्हणून वेचणीच्या दिवसांत आम्ही वेळ सव्वासहानंतर नेली. दिवसभर वेचून आलेल्या पोरी तासभर खेळतात, हसतात, आणि घरी जाऊन स्वयंपाकाला हात लावतात. त्या दिवसांत हायमास्ट बंद पडला की खेळ बंद, त्यामुळे दिव्याची दुरुस्ती ही मला ग्राउंडवरची सगळ्यात तातडीची दुरुस्ती वाटते.

मार्चअखेरपासून ऊन बघून वेळ बदलावीच लागते. पारा ४३-४४ वर गेला की संध्याकाळी सहापर्यंत मुरूम तापलेला असतो. लहानांना आम्ही सकाळी सहा ते साडेसात बोलावतो. भिंतीच्या सावलीत दोन रांजण ठेवले आहेत, दर पंधरा मिनिटांनी शिट्टी वाजते आणि तहान असो-नसो सगळ्यांनी पाणी प्यायचं. बागेतली झाडं अजून कंबरेएवढी आहेत, सावली त्यांची नाही. यंत्रांऐवजी कडुनिंबाची मोठी रोपं लावली असती तर बरं झालं असतं.

पावसाआधी आता दोन्ही गोलसमोरचा चिखलाचा भाग खरवडून तिथे लाल माती भरायची आहे आणि उरलेल्या अर्ध्या भागात हराळी लावायची आहे. मुलींची वेळ सध्या तोंडीच ठरलेली आहे. ती १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव करून फलकावर लिहून घ्यायची, असं आम्ही बायकांनी ठरवलं आहे. तुमच्या गावासाठी हे ग्राउंड बघायला यायचं असेल तर जुलैत, जोराचा पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी या. कमान नंतर बघा, आधी गोलसमोर टाच दाबून बघा.