पीएस थ्री नव्या एचडी टीव्हीला लावला, नुसती केबल बदलून भागत नाही

माझा पीएस थ्री, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ३ हा गेम कन्सोल, जुना आहे, सुरुवातीच्या जाड्या मॉडेलपैकी, आणि इतकी वर्षं तो जुन्या डबा टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या केबलने लावलेला होता. दिसायचं ते छानच वाटायचं, दुसरं काही बघितलेलंच नव्हतं ना. आता घरात फुल एचडी टीव्ही आला आणि मी मोठ्या हौसेने तीच केबल त्याच्या मागे खोचली. भाचा शेजारी बसलेला, दोन मिनिटं बघून म्हणतो, मामा, तुझ्या गेमला चष्मा लागलाय. आणि खरंच तसं होतं, अक्षरं पुसट, सगळ्याच्या कडा विरघळल्यासारख्या, जुन्या डब्यापेक्षाही वाईट.

यात कन्सोलचा काही दोष नाही. पिवळ्या पिनेतून एचडी जातच नाही, फार तर ४८० किंवा ५७६ रेषांचं इंटरलेस, म्हणजे एकाआड एक रेषा पाठवलेलं, पिक्चर जातं आणि टीव्ही तेच ताणून १९२० बाय १०८० वर पसरवतो. माझ्या खोक्यात हीच केबल आली होती, एचडीएमआय, म्हणजे एचडी पिक्चर आणि आवाज एकाच वायरीतून नेणारी केबल, वेगळी घ्यावी लागली. साधीच घ्या, सोन्याच्या मुलाम्याच्या नादी लागू नका, सिग्नल डिजिटल आहे, आला तर नीट येतो नाहीतर ठिपके नाचतात किंवा काहीच येत नाही.

माझ्याकडे काहीच आलं नाही, पडदा काळा ठार. मला वाटलं पोर्ट गेला. पण कन्सोलला बिचाऱ्याला अजून पिवळ्या पिनेतूनच पिक्चर पाठवायचं ठाऊक होतं. उपाय असा की कन्सोल बंद करायचा, लाल दिवा लागलेला हवा, मग पॉवरच्या बटणावर बोट ठेवून सोडायचंच नाही, एक बीप येतो, साधारण पाच सेकंदांनी दुसरा येतो, तेव्हा सोडायचं. व्हिडिओचं सेटिंग रीसेट होतं आणि तो स्वतःहून एचडीएमआय दिसतंय, वापरू का असं विचारतो. या एका सोयीसाठी माझ्याकडून पूर्ण मार्क.

पुढचा घोळ मात्र मी केला. सेटिंग्ज, त्यात डिस्प्ले सेटिंग्ज, त्यात व्हिडिओ आउटपुट सेटिंग्ज, तिथे एचडीएमआय निवडलं की ऑटोमॅटिक आणि कस्टम असं विचारतं. मी शहाणा, कस्टममध्ये गेलो आणि सगळे टिक काढून फक्त १०८०पी, म्हणजे १०८० रेषांचं पिक्चर, ठेवला, म्हटलं मोठं ते चांगलं. मेन्यू एकदम काचेसारखा. गेम लावला आणि परत चष्मा! टीव्हीच्या रिमोटवरचं इन्फो बटण दाबलं तर कोपऱ्यात ४८०पी. झालं असं की या कन्सोलचे बरेचसे गेम ७२०पी मध्ये आहेत, टिक केलेल्यांपैकी गेमला जे चालतं तेच कन्सोल पाठवतो, आणि ७२० चा टिक मीच काढलेला म्हणून तो बिचारा खाली घसरला. गेमच्या कव्हरच्या मागे छोट्या अक्षरांत रिझोल्युशन छापलेलं असतं, मी ते कधी वाचलंच नव्हतं. टीव्हीला जे जे चालतं त्या सगळ्यांना टिक द्या किंवा सरळ ऑटोमॅटिक ठेवा.

आता खरी गंमत, जिच्यापायी माझे दोन रविवार गेले. पिक्चर शार्प झालं पण गुहेतला एक भाग होता तिथे काही म्हणजे काही दिसेना, भिंत कुठली आणि दरवाजा कुठला कळेना, नुसतं डांबर. मी टीव्हीचा ब्राइटनेस वाढवत बसलो तर काळ्याचं राखाडी झालं, दरवाजा काही दिसला नाही. दोष होता आरजीबी (लाल-हिरवा-निळा या रंगांचा सिग्नल) फुल रेंज या सेटिंगमध्ये. फुलवर कन्सोल काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ असे सगळे आकडे पाठवतो, पण बऱ्याच टीव्हींची समजूत असते की काळा १६ ला आणि पांढरा २३५ ला, मग १६ च्या खालचं सगळं एकच काळं आणि २३५ च्या वरचं सगळं एकच पांढरं. उलट झालं, म्हणजे कन्सोल लिमिटेड (१६ ते २३५) आणि टीव्ही फुल, तर सगळं धुतलेल्या कपड्यासारखं फिकट. दोघांचं एकमत पाहिजे एवढंच. टीव्हीत हे ब्लॅक लेव्हल किंवा तसल्याच नावाखाली लपलेलं असतं, सापडलं नाही तर कन्सोल लिमिटेडवर टाका आणि विसरून जा. मी टाकलं आणि दरवाजा समोरच होता, डावीकडे, मशालीच्या खाली.

सुपर व्हाइट म्हणून अजून एक आहे, नाव डिटर्जंटचं वाटतं, आरजीबीवर खेळत असाल तर त्याचा संबंध नाही, सोडून द्या.

गेमचा स्कोअर कडेला अर्धा कापलेला दिसत असेल तर ते टीव्हीचं ओव्हरस्कॅन, तो पिक्चर थोडं फुगवून कडा छाटतो. टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये स्क्रीन फिट, जस्ट स्कॅन, वन टू वन असं काहीतरी असतं ते लावा, स्कोअर पूर्ण दिसतो आणि अक्षरंही जरा धारदार होतात. आणि गेम मोड चालू करा बाबांनो. टीव्ही पिक्चर सुंदर करण्याच्या नादात प्रत्येक फ्रेम अडवून धरतो, आपण उडी मारतो आणि हिरो विचार करून मारतो. भाच्याला वाटत होतं माझं वय झालंय. गेम मोड लावल्यावर रंग जरा साधे झाले पण उडी जागेवर आली.

एकंदरीत या वयातल्या कन्सोलला पिक्चरसाठी पाचपैकी चार. एक कापला तो मेन्यूतल्या नावांसाठी, ती वाचून माणसाला काही बोध होत नाही. ब्लू-रे तर एकदम झकास दिसते.

हो, एक राहिलं, टीव्हीतली ही सेटिंग्ज माझ्याकडे प्रत्येक एचडीएमआय पोर्टची वेगवेगळी आहेत. परवा साफसफाईत केबल एकवरून दोनवर गेली आणि गेम मोड, ब्लॅक लेव्हल सगळं पहिल्यापासून. आता पोर्टशेजारी भाच्याने खडूने बाण काढून ठेवलाय.