टारमधून स्क्वॉशएफएस: आधी उलगडून की थेट?

जुनी टार संग्रहिका (अनेक फायली एकत्र बांधलेली एक फाइल) केवळ वाचनासाठी माउंट करता यावी, म्हणजे डिस्कसारखी जोडून वापरता यावी, म्हणून तिची स्क्वॉशएफएस (लिनक्सवरील संकुचित, फक्त वाचता येणारी फाइलसिस्टिम) प्रतिमा करायची ठरली, की दोन वाटा समोर येतात. संग्रहिका डिस्कवर उलगडून तिच्यावर प्रतिमा बांधणारे एमकेस्क्वॉशएफएस चालवायचे, किंवा टारचा प्रवाह थेट प्रतिमेत बदलणाऱ्या टार-टू-एसक्यूएफएसकडे द्यायचा. मी बराच काळ पहिल्या वाटेने गेलो आणि आता बहुतेक वेळा दुसरी धरतो.

पहिल्या वाटेचे गुण खरे आहेत. फायलींची झाड-रचना डोळ्यांसमोर असते, नको ते काढून टाकता येते, आणि कोणत्या फायली प्रतिमेत आधी लिहायच्या तेही सॉर्ट फाइल देऊन ठरवता येते. आकाराच्या बाबतीत मला दोन्ही वाटांत लक्षात राहावा असा फरक दिसला नाही. झेडएसटीडी ही संकोचन पद्धत आणि ब्लॉकचा आकार तोच ठेवला, तर तो दिसण्याचे कारणही नाही.

माझा निर्णय झाला तो फायलींच्या मालकीवरून. एका सर्व्हरच्या संपूर्ण रूट फाइलसिस्टिमची संग्रहिका मी साध्या वापरकर्त्याच्या खात्यातून उलगडली आणि प्रतिमा तयार केली. डिव्हाइस फायली (उपकरणे दर्शवणाऱ्या खास फायली) तयार करण्याची परवानगी नसल्याचे संदेश उलगडतानाच आले होते. ते मी दुय्यम मानले. पुढे त्या प्रतिमेवर क्रूट करून (तिलाच रूट फाइलसिस्टिम मानून) पाहिले, तर सुडू हा प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणारा प्रोग्राम चालेना, कारण त्या फाइलचा मालक रूट, म्हणजे प्रशासक, नव्हता. ‘एलएस -एल’ने फायलींची यादी पाहिल्यावर प्रत्येक ओळीत माझेच नाव होते. सगळे रूटच्या नावावर करणारा ‘-ऑल-रूट’ पर्याय वापरला, तेव्हा सुडूचा मालक सुधारला, पण डेटाबेसच्या फायलीही रूटच्या झाल्या आणि ती सेवा सुरू होईना. रूट असल्याचा आभास निर्माण करणाऱ्या फेकरूटने हे सांभाळता येते, मात्र उलगडणे आणि प्रतिमा बांधणे एकाच सत्रात व्हावे लागते, आणि हीच अट मी घाईत दोनदा विसरलो.

टार-टू-एसक्यूएफएस मालक, गट आणि डिव्हाइस क्रमांक टारच्या शीर्षकांतूनच वाचते. डिस्कवर काही निर्माण होत नसल्यामुळे रूटचे अधिकार लागत नाहीत आणि उलगडलेल्या पसाऱ्यासाठी जागाही लागत नाही. एक सावधगिरी मात्र आवश्यक वाटते: रूपांतरित न होणारी नोंद ते वगळून पुढे जाते, म्हणून ‘--नो-स्किप’ देऊन तिथेच थांबवणे बरे. स्क्वॉशएफएस-टूल्सच्या 4.5 आवृत्तीपासून मिळणारे एसक्यूएफएस-टारही हेच काम करते, आणि वितरणात ते आधीच असेल तर वेगळे पॅकेज बसवण्याची गरज नाही; फक्त जीझिप संग्रहिका झेडकॅटमधून उघडून द्यावी लागते.

संग्रहिकेत फक्त स्वतःची कागदपत्रे किंवा छायाचित्रे असतील, तर उलगडून बांधण्यात फारसे बिघडणार नाही. एकाहून अधिक मालकांच्या फायली असतील, तर मी तरी ती आधी उलगडणार नाही.