क्रियाविशेषणांचा सराव-प्रश्नसंच : प्रश्न नेमके, उत्तरसूची बेभरवशाची

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या अराजपत्रित गट-ब मुख्य परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीसाठी जून महिन्यात पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून इंग्रजी व्याकरणाचा एक प्रश्नसंच घेतला. सवलत धरून तो 240 रुपयांना पडला. मी स्वतः अठरा वर्षे माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवले असल्याने त्यातील 'ॲडव्हर्ब' हे एकच प्रकरण, 120 प्रश्नांचे, ओळीने सोडवून पाहिले. कारण प्रश्न काढणाऱ्याला व्याकरण उमगले आहे की नुसते नियम पाठ आहेत, हे या प्रकरणात चटकन उघडे पडते.

मराठी विद्यार्थी कोठे अडखळतो याची लेखकाला उत्तम जाण आहे. आपल्या एका 'लवकर'मध्ये इंग्रजीतील 'अर्ली', 'सून' आणि 'क्विकली' असे तिन्ही शब्द मावतात. म्हणून 'तो लवकर उठतो', 'तो लवकरच येईल' आणि 'लवकर आवर' या वाक्यांच्या इंग्रजी रूपांत जागा रिकामी ठेवून तिन्ही वेळा तेच पर्याय दिले आहेत. 'मी कालच आलो' मधल्या 'च'पायी आपण वाक्याच्या शेपटाला 'ओन्ली' जोडतो, त्यावरही चार प्रश्न आहेत. 'शी हार्डली वर्क्ड' म्हणजे तिने खूप कष्ट केले, असे भाचीने बेधडक लिहिले होते. तिने जवळपास काहीच काम केले नाही, हा खरा अर्थ कळल्यावर ती स्वतःशीच हसली. 'नो सूनर'बरोबर 'दॅन' आणि 'हार्डली'बरोबर 'व्हेन' ही नेहमीची जोड्यांची गणितेही व्यवस्थित आहेत.

घोटाळा आहे तो उत्तरांत. 'द जॅस्मिन स्मेल्स' यापुढील रिकाम्या जागेसाठी 'स्वीट' आणि 'स्वीटली' हे पर्याय असून उत्तरसूचीने 'स्वीटली' बरोबर ठरवले आहे, आणि 'क्रियापदानंतर क्रियाविशेषण येते' एवढ्या एका ओळीत स्पष्टीकरण आटोपले आहे. हे सपशेल चूक आहे. येथे मोगरा कोणतीही कृती करत नाही. वाक्य त्या फुलाचा गुण सांगते, म्हणून विशेषणच हवे. हाच 'स्मेल' कुत्र्याने पिशवी हुंगण्यासाठी वापरला, तर ती कृती कशी केली हे सांगायला 'केअरफुली' लागते. गंमत म्हणजे पिशवीचा प्रश्न दोनच पानांनंतर येतो आणि त्याचे उत्तर बरोबर आहे! दोन्ही प्रश्न शेजारी छापले असते, तर मुलांना निराळ्या शिकवणीची गरजच उरली नसती.

दुसरी तक्रार दोन बरोबर उत्तरे असलेल्या प्रश्नांची आहे. गाडी हळू चालवण्याविषयीच्या वाक्यात 'स्लो' आणि 'स्लोली' हे दोन्ही पर्याय देऊन पहिला चूक ठरवला आहे. वास्तविक 'स्लो' हे इंग्रजीत क्रियाविशेषण म्हणून फार पूर्वीपासून चालते, आणि आपल्या घाटांतील 'गो स्लो'चे फलकही त्याची साक्ष देतात. आयोगाच्या पहिल्या उत्तरतालिकेवर निदान हरकत तरी घेता येते. पुस्तकावर ती कोठे घ्यावी? परीक्षेत चुकीच्या उत्तरामागे पाव हिस्सा गुण कापले जात असताना, असे चुकीचे नियम घोटून जाणे परवडणारे नाही. माझ्या मोजणीत पाच उत्तरे चुकीची आणि तीन प्रश्न दुहेरी उत्तरांचे निघाले.

छपाई स्वच्छ आहे, कागद मात्र पातळ आहे. जवळ शिक्षक किंवा चांगला शब्दकोश असेल तर प्रश्नांसाठी हा संच जरूर घ्यावा. एकट्याने अभ्यास करणाऱ्याने घेऊ नये. प्रकाशकांना दूरध्वनी केला तेव्हा 'पुढच्या आवृत्तीत बघू' एवढेच उत्तर मिळाले. तोवर भाचीच्या प्रतीत उत्तरसूचीच्या पानावर माझ्या अक्षरातील आठ दुरुस्त्यांची चिठ्ठी डिंकाने चिकटवली आहे.